आईचं इंडक्शन संध्याकाळीच का रुसायचं

(बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय. दोन ठिकाणी मी आकडे चुकीचे बोललो होतो, ते इथे दुरुस्त केलेत. बाकी 'अं', 'म्हणजे' वगैरे जेवढे काढता आले तेवढे काढले.)

आजचा भाग थोडा वेगळा आहे. नेहमी आपण सर्व्हर, डेटाबेस, रात्री तीनला पडणारं प्रॉडक्शन असल्या गोष्टी बोलतो. आज मी एका इंडक्शनच्या शेगडीबद्दल बोलणार आहे. हसू नका. गेल्या वर्षभरात मी जेवढे बग शोधले, त्यातला मला सगळ्यात जास्त लाज वाटायला लावणारा बग हाच होता. कारण तो सापडायला उशीर झाला, आणि उशीर माझ्यामुळे झाला.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आई कराडला एकटी राहते. मी पुण्यात. २०२१ मध्ये तिला कोविड झाला, त्यातून ती बरी झाली, पण वास गेला तो गेलाच. काही लोकांचा दोन महिन्यांत परत येतो, तिचा नाही आला. सुरुवातीला आम्ही त्याची चेष्टा करायचो, म्हणजे हिंगाचा डबा नाकाशी धरून 'ओळख काय आहे' वगैरे. मग एक दिवस शेजारच्या काकू धावत आल्या की अहो, गॅसचा वास येतोय जिन्यापर्यंत. आईनं दूध उतरवताना बटण नीट बंद केलं नव्हतं. ती तिथेच ओट्यापाशी शेंगा सोलत बसली होती. तिला काही कळलंच नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. घरगुती गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं एक उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे आपली सगळी सुरक्षा नाकावर उभी आहे. आणि नाकच बंद असेल तर?

म्हणून त्याच आठवड्यात इंडक्शन आणलं. २००० वॉटचं, एका भांड्याचं, साधं. गॅस कोपऱ्यात गेला, रेग्युलेटर बंद. आईनं महिनाभर कुरकुर केली की भाकरी होत नाही यावर, वांगं भाजता येत नाही. मग सवय झाली. भाकरी शेजारच्या काकूंकडून यायची आणि आईकडून त्यांना आमटी जायची, असा काहीतरी त्यांचा आपसात करार झाला होता.

तर झालं असं. गेल्या जूनमध्ये फोनवर आई म्हणाली, "अरे, ते इंडक्शन संध्याकाळी रुसतंय."

मी विचारलं, म्हणजे काय होतं नेमकं?

"सकाळी चालतं. संध्याकाळी लावलं की चालू होतं, जरा गरम होतं, मग टीं टीं करतं आणि बंद. इंग्रजी ई येतो आणि पुढे सात. दूध तापतं, भाजी होत नाही."

आता हे वाक्य लक्षात ठेवा. दूध तापतं, भाजी होत नाही. ह्या एका वाक्यात अख्खा बग होता. मी ते ऐकलं, आणि सोडून दिलं. कारण मी त्या वेळी लॅपटॉपवर दुसरं काहीतरी करत होतो, आणि 'ई ७' हा एकच शब्द माझ्या कानात शिरला. आईला पुस्तिकेतलं पान फोटो काढून पाठवायला सांगितलं. त्यात लिहिलं होतं: ई ७, विजेचा दाब कमी. इंडक्शन १८० ते २६० व्होल्टवर चालेल.

इथे एक सूचना. हे ई ७ माझ्या मॉडेलपुरतं आहे. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात. एकाकडे ई ३ म्हणजे जास्त दाब, दुसऱ्याकडे ई ३ म्हणजे काचेखालचा तापमानाचा सेन्सर तुटला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जी 'सर्व इंडक्शनचे एरर कोड' अशी यादी असते तिच्यावर जाऊ नका. स्वतःच्या मशीनची पुस्तिका शोधा.

तर मी निष्कर्ष काढून मोकळा झालो. संध्याकाळी सगळ्यांच्या घरी दिवे, टीव्ही, मोटारी, म्हणून दाब कमी होतो, म्हणून ई ७. सोपं आहे. स्टॅबिलायझर घेऊ म्हणून ऑनलाइन बघितलं, तर २००० वॉट झेपणारा स्टॅबिलायझर शेगडीपेक्षा महाग. फ्रिजचा लहान स्टॅबिलायझर त्याला लावायचा नसतो बरं का, तो एवढा भार घेणार नाही, जळेल. मग मी आईला काय सांगितलं असेल? "तू स्वयंपाक साडेपाचच्या आत उरकत जा."

आपल्या भाषेत याला वर्कअराउंड म्हणतात. तिकीट बंद.

तीन आठवड्यांनी काकूंची नात फोनवर सहज बोलून गेली, "दादा, मी रोज आजीकडे वास घ्यायला जाते." मला काही कळेना. वास घ्यायला म्हणजे? तर साडेपाचला स्वयंपाक उरकणं आईला काही जमत नव्हतं. ती दुपारी शिवणाच्या क्लासला जाते, परत यायलाच सहा वाजतात. मग तिनं कोपऱ्यातला गॅस पुढे ओढला होता. आणि पेटवायच्या आधी आणि बंद केल्यानंतर शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीला हाक मारायची, "ये गं, वास येतोय का बघ."

मला सांगितलं नव्हतं. का, तर "तुला तिकडे काळजी नको."

शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटवरून एसटी पकडली.

आता तांत्रिक भाग. ज्यांना इंडक्शन आतून कसं चालतं माहितीये त्यांनी दोन मिनिटं पुढे ढकललं तरी चालेल. काचेखाली तांब्याच्या बारीक तारांचं वेटोळं असतं. घरातला २३० व्होल्टचा एसी करंट आधी डीसी होतो, आणि मग आयजीबीटी नावाचा एक जाडजूड स्विच तो त्या वेटोळ्यातून सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा चालू-बंद करतो. त्यानं बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि भांड्याच्या बुडात करंट फिरून बूडच तापतं. फॅरडेनं १८३१ मध्ये जे दाखवलं तेच, फक्त आमटीसाठी. म्हणून भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं ठेवलं तर मशीन भांडं नाहीच म्हणतं.

या सगळ्यावर एक छोटा मायक्रोकंट्रोलर लक्ष ठेवतो. भांडं आहे का, काच किती तापली, आयजीबीटी किती तापला, आणि लाईनचा दाब किती. शेवटचा मुद्दा आपल्या कामाचा. मायक्रोकंट्रोलरला पाच व्होल्टच्या वर काही सहन होत नाही. मग त्याला २३० व्होल्ट मोजता कसे येतात? मोठ्या किमतीचे दोन-तीन रेझिस्टर एकामागे एक लावून, त्यांच्या खाली एक लहान रेझिस्टर लावून, दाबाचा एक बारीकसा ठरावीक हिस्सा त्याच्याकडे पाठवतात. तो हिस्सा बघून चिप हिशेब करते की लाईनला एवढे व्होल्ट असणार. म्हणजे चिपनं दाब प्रत्यक्ष बघितलेला नसतो. त्या रेझिस्टरांनी जे सांगितलं ते ती मानते.

शनिवारी सकाळी मी मल्टिमीटर काढला. साडेचारशे रुपयांचा, कॉलेजपासूनचा. आधी त्याची बॅटरी बदलली, कारण स्वस्त मीटरची बॅटरी उतरली की तो आकडे फुगवून दाखवतो, आणि मला आता अजून एक खोटा साक्षीदार नको होता. सॉकेट बघितलं. १६ अँपिअरचं होतं, प्लगच्या पिना काळ्या पडलेल्या नव्हत्या, मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड नव्हता. हे आधी बघा हं. इंडक्शनच्या निम्म्या तक्रारी ढिल्या सॉकेटमध्ये असतात असं मला एका इलेक्ट्रिशियननं सांगितलं होतं. निम्म्या की पाव ते सोडा, पण बघायला फुकट आहे.

सकाळी दाब २२९. इंडक्शन मस्त चालू. मला उगाच वाटलं, एवढ्या लांबून आलो आणि चालतंय की.

संध्याकाळी साडेसातला मीटर लावला: २१४. पातेल्यात पाणी ठेवून पूर्ण पॉवर दिली. मीटर २०६ वर आला. पंधरा-वीस सेकंद, टीं टीं, ई ७.

आता थांबा. २०६ म्हणजे १८० च्या बराच वर. पुस्तिका म्हणते चालायला पाहिजे. मीटर म्हणतोय दाब ठीक आहे, इंडक्शन म्हणतंय दाब कमी आहे. तीन आठवडे मी इंडक्शनवर विश्वास ठेवला होता. मीटर लावलाच नव्हता. एरर कोड हा मशीनचा समज असतो, हे मी ऑफिसमध्ये ज्युनिअर लोकांना ऐकवतो, आणि घरी स्वतः...

मग मी आईला म्हटलं, परत सांग, दूध तापतं म्हणजे काय? ती म्हणाली, दुधाचं बटण दाबलं की चालतं. दुधाचं बटण म्हणजे ८०० वॉट. लावून बघितलं. चालू राहिलं! मीटर २११.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. २००० वॉट म्हणजे जवळपास नऊ अँपिअर, तेवढ्यानं घराच्या वायरिंगमध्ये आठ व्होल्ट पडत होते. ८०० वॉटला तीनच पडत होते. म्हणजे २११ ला चालतंय, २०६ ला बंद पडतंय. म्हणजे या मशीनची सीमा १८० वर नाही, २१० च्या आसपास सरकली आहे. सकाळी २२९ असतो म्हणून सकाळी तक्रार नाही. आईनं जूनमध्ये पहिल्याच फोनवर मला हा सगळा टेस्ट रिपोर्ट दिला होता, तिच्या शब्दांत.

रविवारी उघडलं. इथे मी जरा गंभीरपणे बोलतो. प्लग काढून उघडायचं, नुसतं बटण बंद करून नाही. आत एक मोठा कपॅसिटर असतो, त्यावर तीनशेच्या वर व्होल्ट असू शकतात. पाच-दहा मिनिटं थांबा, मीटरनं मोजा, शून्याजवळ आला तरच हात घाला. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी काढणारे हिरो मी पाहिलेत, तसं करू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्लग लावलेला असताना आतला पाच व्होल्टचा भागसुद्धा लाईनशी थेट जोडलेला असतो. मध्ये ट्रान्सफॉर्मरची भिंत नसते. मोबाईलच्या चार्जरसारखं समजून बोट लावलंत तर जोरात बसेल. मी जे काही मोजलं ते सगळं प्लग काढून, ओहमवर. ज्यांना याची सवय नाही त्यांनी हा भाग फक्त ऐकावा आणि मशीन मेकॅनिककडे न्यावं.

उघडल्यावर सगळ्यात आधी झुरळं दिसली. म्हणजे झाली होती कधीतरी, आता फक्त पाय आणि टरफलं. पंख्याच्या जाळीतून उबेला येतात. ब्रशनं साफ केलं. आई मागून म्हणाली, "हे बाहेर बोलू नकोस कुठे." सॉरी आई.

मग लाईन जिथून आत येते तिथून बोर्डावरची रेघ बोटानं पकडत गेलो. फ्यूज, मग दोन डायोड, मग दोन रेझिस्टर ओळीनं. नारिंगी, नारिंगी, पिवळा, सोनेरी. म्हणजे ३३० किलोओहम, पाच टक्के इकडेतिकडे. पहिला मोजला, ३२८. ठीक. दुसरा मोजला, ४३१.

आता एक युक्ती सांगतो, ही मला कॉलेजात कुणी शिकवली नाही, किंवा शिकवली असेल तर मी झोपलो होतो. बोर्डावर लावलेला रेझिस्टर मोजला आणि छापील किमतीपेक्षा कमी आला तर काही सिद्ध होत नाही, कारण बाजूनं दुसऱ्या वाटा असतात, करंट तिकडूनही जातो. पण जास्त आला, तर तो रेझिस्टर नक्की बिघडलाय. कारण जास्तीची वाट आकडा फक्त कमी करू शकते, वाढवू शकत नाही. अट एकच, कपॅसिटर पूर्ण रिकामे हवेत. मी खात्रीसाठी दोन्ही सोडवून बाहेर काढून मोजले. पहिला ३३१, दुसरा ४४०.

हिशेब करून बघा. असायला हवेत ६६०, आहेत ७७१. चिपकडे जाणारा हिस्सा साधारण साडेआठ दशांश झाला. २०६ व्होल्टचे तिला १७६ दिसत होते. २११ चे जेमतेम १८०. २२९ चे १९६. सगळे आकडे जागेवर बसले. मी ओट्यावर बसून मोठ्यानं ओरडलो, आईला वाटलं शॉक बसला.

असं का होतं? हे रेझिस्टर चोवीस तास लाईनवर असतात. इंडक्शन बंद असतानाही, प्लग लावलेला आणि भिंतीवरचं बटण चालू असेल तर. छोट्या देहावर सतत मोठा दाब, त्यात स्वयंपाकघराची वाफ, तेलाचा थर, उष्णता. वर्षानुवर्षं किंमत हळूहळू वर सरकते. एक दिवस पूर्ण तुटतो, मग मशीनला शून्य व्होल्ट दिसतात. आमचा अजून अर्ध्या वाटेवर होता, म्हणून फक्त संध्याकाळी.

जाता जाता, तुमचं इंडक्शन एकदम मेलं असेल, फ्यूज उडाला असेल, तर ही वेगळी केस आहे. तिथे बहुतेक वेळा आयजीबीटी शॉर्ट झालेला असतो. नुसता फ्यूज बदलून लावाल तर तोही उडेल. नुसता आयजीबीटी बदलाल तरी उडू शकतो, कारण वेटोळ्याचा दाब चिपला कळवणारे असेच मोठे रेझिस्टर आणखी असतात, ते सरकले असतील तर स्विच चुकीच्या क्षणी चालू होतो. म्हणजे तिथेही हे दोन रुपयांचे रेझिस्टर मोजायचेच.

परत कराडला येऊ. पुण्यात असतो तर तपकीर गल्लीत गेलो असतो, मूठभर घेऊन आलो असतो. इथे आधी आई ज्या दुकानात गेली होती तिथे गेलो. त्यांनी तिला सांगितलं होतं, बोर्ड गेला, १४०० रुपये. मी म्हटलं मला फक्त रेझिस्टर हवेत, तर म्हणाले, सुटे ठेवत नाही. त्यांना दोष देत नाही. बोर्ड बदलायला दहा मिनिटं लागतात, शोधायला दोन तास, आणि दोन तासांचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.

मग कुणीतरी एका जुन्या टीव्ही रिपेअरवाल्या काकांचा पत्ता दिला. एवढंसं दुकान, आत उघडे पडलेले टीव्ही. मी म्हटलं, "काका, ३३० के मिळेल का, अर्ध्या वॉटचा?"

त्यांनी वर न बघताच विचारलं, "इंडक्शन का? व्होल्टेज कमी दाखवतंय?"

मी बीटेक. तीन आठवडे, एक एसटी, एक मल्टिमीटर, दोन दिवस. आणि हे काका रेझिस्टरची किंमत ऐकून निदान करतात.

त्यांनी बिस्किटाच्या डब्यातून चार काढून दिले. म्हणाले, "एकच बदलू नका, दोन्ही बदला. पाव वॉटचे घालू नका, त्यांना एवढा दाब सोसत नाही. आणि लावायच्या आधी मोजून घ्या, नव्यावर पण विश्वास नाही." पैसे विचारले तर दहा रुपये म्हणाले, मग माझ्याकडे सुटे नव्हते तर "राहू द्या, परत आलात की द्या."

दोन्ही नवीन लावले. थेट प्लग लावायच्या आधी सिरीज बल्ब लावला, म्हणजे १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब मध्ये घालून लाईन दिली. आत काही शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि मशीन वाचतं. एलईडी चालत नाही त्यासाठी, फिलामेंटवालाच लागतो. आईनं माळ्यावरून शोधून दिला, तिनं असल्या गोष्टी टाकलेल्या नसतात. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला, डिस्प्ले आला. बल्ब लावून भाजी होत नाही हं, पॉवर दिली की लगेच दाब पडतो आणि परत ई ७ येतो, त्याला घाबरू नका. ती फक्त पहिली परीक्षा.

खरी परीक्षा संध्याकाळी. पावणेआठ. लाईन २१२, म्हणजे कालच्यापेक्षा वाईट, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा दाब कमी असल्याचा आनंद झाला. पूर्ण पॉवर. २०४. आईनं फोडणी टाकली. पंधरा सेकंद, वीस, मिनिट. मी घड्याळ बघतोय, ती कांदा परततीये. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "बाजूला हो आता, मीटर काढ, मला ताट ठेवायला जागा नाही."

जेवताना मी गॅसचा विषय काढला. जरा वाजलं आमचं. मी म्हटलं, सिलिंडर देऊन टाकू. ती म्हणाली, "आणि हे परत बंद पडलं तर मी काय खाऊ? तू पुण्याहून येणार फुंकर घालायला?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. मग असं ठरलं की सिलिंडर राहील, रेग्युलेटर काढलेला राहील, आणि गळती झाली तर वाजणारा अलार्म बसवायचा. तो मी पुढच्या खेपेला बसवला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा. धुराच्या अलार्मसारखा छताला लावून काही उपयोग नाही. आणि एक सिरीज बोर्ड मी तिथेच करून ठेवलाय, उरलेले दोन ३३० के त्यालाच टेपनं चिकटवून.

काकूंच्या नातीला सांगितलं की आता वास घ्यायला यायची गरज नाही. तर ती रुसली. कारण प्रत्येक वेळी तिला एक लाडवाचा तुकडा मिळायचा. ती अजून येते म्हणे रोज सातला, इंडक्शनसमोर उभी राहते, जोरात श्वास घेते आणि सांगते, "नाही येत आजी."

काकांचे दहा रुपये मी दिवाळीत दिले. तर त्यांनी मला एक बंद पडलेलं इंडक्शन दाखवलं, फ्यूज उडालेलं, आणि म्हणाले, बघा जमतंय का. ते आत्ता माझ्या टेबलावर आहे. आयजीबीटी शॉर्ट, बाकी अजून मोजतोय. लागलं हाताला काही तर पुढच्या भागात सांगतो.